विश्लेषण : ‘कामाला मुलगा पाहिजे’ एवढी पाटी आता का पुरत नाही?

पनवेलच्या टपाल नाक्यापासून कळंबोलीच्या स्टील मार्केटपर्यंत छोट्या व्यवसायांतील भरती अजूनही काचेवर चिकटवलेल्या कागदावर चालते. काम कोणते, वेळ किती, पगार काय, हे सारे ‘आत येऊन भेटा’वर सोडलेले. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. पाठोपाठ २५ डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि पनवेलच्या तरुणांपुढे नोकरीचा आणखी एक पर्याय आला.

नियुक्तिपत्र कोणाला बंधनकारक?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेनुसार १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. चार-पाच माणसांच्या दुकानाला ही अट थेट लागू होत नाही. वेतन संहितेला मात्र अशी संख्येची मर्यादा नाही. किमान वेतन, पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार, नोकरी सोडल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब, हे लहान दुकानालाही चुकत नाही. वाद झालाच, तर आधी काय ठरले होते याचा कागद सहसा कोणाकडेच नसतो.

‘फक्त मुली पाहिजेत’ असे लिहिता येते का?

समान किंवा तत्सम कामासाठी भरती करताना लिंगावरून भेद करण्यास वेतन संहितेच्या कलम ३ नुसार मनाई आहे. कायद्यानेच महिलांना बंदी असलेली कामे तेवढी अपवाद. मुली कमी पगारात येतात, हा अशा पाट्यांमागचा हिशेब फारसा लपून राहत नाही.

मग लिहायचे काय?

औषध दुकानाचे उदाहरण घेऊ. ‘मेडिकलसाठी हेल्पर पाहिजे, सर्व कामे करावी लागतील’ ही नेहमीची जाहिरात. आता १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. हेल्परकडे उरते ते आलेला माल बिलाशी ताडून रॅकवर लावणे, मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढणे, घरपोच ऑर्डर नेणे. एवढे स्पष्ट लिहिले की ‘सर्व कामे’ या शब्दांतला धोका कळतो : फार्मासिस्ट जेवायला गेला की चिठ्ठी हेल्परच्या हातात येते आणि चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

त्यापुढे वेळ, साप्ताहिक सुट्टी, स्वतःची दुचाकी वापरल्यास पेट्रोल कोणाचे, कोणाच्या हाताखाली काम, हे यावे. ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ खुशाल गाळावे. तसा नसल्याचे सांगत कोणी अर्ज करत नाही.

पगाराचा आकडा का टाळला जातो?

शेजारच्या दुकानदाराला कळेल, हे कारण सांगितले जाते. पण तोच कागद दुकानातला जुना कामगारही वाचतो आणि विचारतो, ‘शेठ, नव्या माणसाला एवढे, मग मला का नाही?’