सॅमन की रोहू?



गेल्या महिन्यात पवनीकडील एका खेड्यातून बहात्तर वर्षांचे एक आजोबा दवाखान्यात आले. रक्तदाब 180/100 होता. परदेशातील मुलाने सॅमन माशाच्या तेलाच्या कॅप्सूल धाडल्या होत्या. 'हृदयास उत्तम' एवढेच ऐकून आजोबांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. मुलाची माया खरी. परंतु हा गैरसमज जिवावर बेतला असता.

सॅमन हा थंड पाण्याचा मासा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा नदीत येतो. निसर्गात पकडलेला सॅमन प्रामुख्याने अलास्का आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर मिळतो. त्यातील गुलाबी सॅमनचे आयुष्य दोनच वर्षांचे असल्याने तेथे विषम सनांत मासळी अधिक, सम सनांत कमी येते. जपानमध्ये ती अलीकडे बरीच घटली आहे. जगात आज खाल्ला जाणारा बहुतांश सॅमन नॉर्वे, चिली अशा देशांत पाळलेला असतो. मुंबईत 'इंडियन सॅमन' म्हणून विकला जाणारा रावस तर निराळ्याच कुळातील आहे.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि वैनगंगा यांतून ढिवर बांधव रोहू, कतला, मृगल, मरळ आणतात. त्यांत ओमेगा-3 हा स्निग्धांश सॅमनइतका नाही, हे खरे. पण उतारवयात झिजणाऱ्या स्नायूंना लागणारी पचनसुलभ प्रथिने भरपूर आहेत. काट्यांसह खाल्लेल्या लहान मासळीतून कॅल्शियमही मिळते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ताजा मासा आठवड्यातून दोनदा, तळण्याऐवजी रश्शात किंवा वाफवून द्यावा. दात नसलेल्या अथवा गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांसाठी काटे स्वतः बोटांनी चाचपून काढावेत. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेली सुकी मासळी टाळावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शाकाहारी घरांत जवसाची चटणी आहेच; तिच्यातील ओमेगा-3 शरीरात अल्प प्रमाणातच माशातल्या प्रकारात बदलते, तरी ती उपयुक्त आहे.

तेलाच्या कॅप्सूल घेत असाल, तर त्या दवाखान्यात अवश्य दाखवा. मोठ्या मात्रेत त्या हृदयाचे ठोके अनियमित करू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास विशेष जपावे.

आजोबांची गोळी पुन्हा सुरू केली. पंधरा दिवसांनी रक्तदाब 140/84 वर आला. "आता मासा कोणता खाऊ?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "गावच्या तलावातला खा, पण गोळी चुकवू नका."