वाशीमने फक्त ऐकायचेच काय?

28 एप्रिल 2023 रोजी पंतप्रधानांनी देशभरातील शंभर वॅटच्या 91 एफएम प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन केले, तेव्हा आकाशवाणी खेड्यापाड्यांत पोहोचल्याचा मोठा गाजावाजा झाला. आकाशवाणी खेड्यापर्यंत पोहोचली असेल; खेडे आकाशवाणीपर्यंत पोहोचले काय? असा प्रक्षेपक दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम पुढे पाठवितो, एवढेच. त्याच्यापाशी ध्वनिमुद्रणाची खोली नसते, निवेदक नसतो, वार्ताहर नसतो. ह्याला केंद्र म्हणणे ही लोकांची दिशाभूल आहे.

1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली. नभोवाणीवरचा आवाज मात्र अकोल्यालाच राहिला. रिसोडच्या सोयाबीन उत्पादकाने, मानोऱ्याच्या तांड्यावरील बंजारा स्त्रीने आपले गाऱ्हाणे कोणत्या ध्वनिक्षेपकासमोर मांडावे? 2018 साली नीती आयोगाने हा जिल्हा ‘आकांक्षित’ ठरविला. (मागास म्हणण्याची लाज वाटली असावी.) पण आकांक्षा उच्चारण्याचे साधन मात्र त्याला दिले नाही.

हे अशक्य होते म्हणावे, तर इतिहास तसे सांगत नाही. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळे चालविली. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. त्या काळी हे जमले. आज त्याच पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश जून 2023 मध्ये निघतो आणि लोक खवळल्यावरच स्थगित होतो! पुण्याची ही गत, तर वाशीमची दाद कोण घेणार?

आणीबाणीत आकाशवाणी सत्तेची बटीक झाल्याचे आपण अनुभवले आहे. म्हणूनच 1978 साली वर्गीस समितीने स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा 1990 साली झाला, अंमलात यायला 1997 उजाडले, आणि त्यातही केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार कलम 23 ने शिल्लक ठेवलाच. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली बजावले. तरीही खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास वर्षानुवर्षे मनाई राहिली. म्हणजे बातमीची मक्तेदारी सरकारी माध्यमाकडे, आणि त्या माध्यमाचे वाशीमला कार्यक्रम तयार करणारे केंद्रच नाही! शेती, शिक्षण व ग्रामविकास यांकडे विशेष लक्ष देण्याचे कर्तव्य ह्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये लिहिलेले आहे. ते पार पाडायला ह्याहून योग्य जिल्हा कोणता?

केंद्र उभे राहीपर्यंत अकोल्याच्या प्रसारणात वाशीमसाठी रोजची राखीव वेळ हवी, गावोगाव हिंडणारे ध्वनिमुद्रण पथक हवे, आणि बंजारा बोलीला सणावारापुरते नव्हे, नियमित स्थान हवे. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ह्या सहाही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आठवडी बाजारात सह्या गोळा कराव्यात. निवेदन नुसते दिल्लीला धाडू नये. अकोला केंद्राच्या दारात जाऊन ते मोठ्याने वाचावे, आणि त्याचे ध्वनिमुद्रण करण्याची मागणी तिथेच करावी.