फोटो बदला, भावना तीच ठेवा

भावपूर्ण श्रद्धांजलीचा एक साचा सध्या आमच्या तालुक्यात जोरात चालतोय. काळ्या पडद्यावर समईची ज्योत, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मागे बासरी आणि तालावर पडणारे आठ फोटो. आठच, कारण साच्यात तेवढेच खण आहेत. गेलेल्या माणसाचे तेवढे फोटो घरात आहेत की नाहीत, याच्याशी साच्याला देणंघेणं नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हातारीचे शोधून शोधून दोन निघतात. एक आधार कार्डावरचा, दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा झाकलेला. मग नातू तेच दोन फोटो चार-चार वेळा भरतो. बॅकग्राउंड काढायचं बटण दाबलं की भिंतीबरोबर डोक्यावरचा पदरही उडतो. शेवटी 'शोकाकुल', त्याखाली मित्रमंडळाचं नाव आणि त्याखाली एडिट करणाऱ्याचा इन्स्टा आयडी. दहाव्यापर्यंत अख्ख्या भावकीच्या स्टेटसला तीच ज्योत, तीच बासरी आणि तोच बिनपदराचा चेहरा.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा माणूस. साच्यांशी माझं वैर नाही, त्यांच्यावर माझं घर चाललं. करिझ्मा अल्बमच्या पीएसडी फायलींनी भरलेल्या डीव्हीड्या, एडियसची तयार प्रोजेक्टं, उडते बदाम, गरगर फिरणारा कलश, नवरीच्या डोळ्यातून बाहेर येणारा नवरदेव, हे सगळं मी वापरलंय, विकलंय आणि त्याचे पैसे मोजून घेतलेत. तेव्हा 'हल्लीच्या पोरांची कल्पकता मेली' हे रडगाणं माझ्या तोंडून निघणार नाही. ते गाणाऱ्यांच्या घरची लग्नपत्रिकाही 'श्री कृपेकरून'नेच सुरू झालेली असते.

आणि साचे आपल्याला नवे कधी होते? ओवी साचा, अभंग साचा, मंगलाष्टक साचा, उखाणा तर उघडउघड साचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पातून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ आज कुणालाही ऐकता येतात. ऐका एकदा. चाल ठरलेली, पहिल्या ओळीचे शब्दही पुष्कळदा ठरलेले. पण पुढे बाई स्वतःचं बोलते. नवऱ्याचा राग, भावाची माया, लेकीचं सासर, पंढरीची वाट, बाबासाहेबांवरची निष्ठा, सगळं त्या ठरलेल्या चालीत मावतं. मोकळी जागा होती ती बोलायला. 'तू नुसता तोंडाचा फोटो दे, बाकी मी गातो' असं जात्यानं बाईला कधी म्हटलं नाही.

आताचा साचा नेमकं हेच म्हणतो. त्यात तुमचा व्हिडिओ टाकला की बहुतेक वेळा पहिलं काम काय होतं? तुमचा आवाज बंद. तुकडा किती सेकंदांचा, कुठे कापायचा, कुठे हळू करायचा, कुठे हादरवायचा, वर कोणतं गाणं आणि ते ऐकून बघणाऱ्याला काय वाटायला हवं, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय. इन्स्टाग्रामनं २०२२ मध्ये रील्समध्ये टेम्पलेट आणलं त्यातही हेच तत्त्व. दुसऱ्याच्या रीलमधल्या तुकड्यांची लांबी मोजायची, तेवढे खण पाडायचे, गाणं तेच ठेवायचं आणि रिकामे खण तुमच्या हातात द्यायचे. तुम्ही फक्त भरण.

कोल्हापुरी चपलेचं घ्या. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल उतरवली, तिचं मूळ सांगितलं नाही आणि आपल्याकडे गदारोळ झाला. रास्तच होता, २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. त्या दिवसांत कोल्हापुरीवरचे रील मी पुष्कळ पाहिले. चपलेत सांगण्यासारखं काय कमी आहे? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, पायाखाली करकर वाजावी म्हणून केलेली खास करामत. गावच्या पाटलाच्या आधी त्याची चप्पल पोचायची ती या आवाजामुळे. आणि रीलमध्ये काय? अत्तराच्या बाटलीसाठी बनवलेला विलायती साचा, त्यात चप्पल डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसते, मग पांढरा झोत, मग पुन्हा चप्पल, मग दुकानाचा नंबर. करकर ऐकू येत नाही, ती साच्यानं पहिल्याच फटक्यात बंद केलेली असते. चपलेचं मूळ प्राडानं सांगितलं नाही म्हणून आपण भांडलो. आपण स्वतः कुठे सांगितलं?

'पंधरा सेकंदांत काय बोलणार?' असं मला विचारतात. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं बी कुंडीत लावून त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं. ती एवढीशी फिल्म दाखवून पैसे उभे केले आणि १९१३ मध्ये चित्रपट पडद्यावर आणला. वाटाणा होता, कॅमेरा होता, दम होता. वर कुठलंही ट्रेंडिंग गाणं नव्हतं.

बरं, हे साचे आयते मिळतात म्हणावं तर तेही खरं नाही. मिळवायची यातायात बघा. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी आली आणि ८ जुलैला रील्स भारतात हजर झालं. टिकटॉकवाल्या कंपनीचंच कॅपकट हे एडिटिंग ॲप, तेही इथे बंद. पण सगळ्यात चटपटीत साचे तिथलेच. म्हणून पंधरा ऑगस्टचा तिरंगी रील बनवायला आमचा देशभक्त व्हीपीएन लावून बंदी घातलेल्या चिनी ॲपमध्ये शिरतो. ज्यांना एवढं जमत नाही ते व्हीएन ॲपचा क्यूआर कोड शोधतात, अलाइट मोशनचा प्रीसेट शोधतात, एक्सएमएल फाईल मागतात. ती यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली, 'मटेरियल लिंक डिस्क्रिप्शनमध्ये'. लिंक दाबली की टेलिग्राम. टेलिग्रामवर झिप. झिपला पासवर्ड. पासवर्ड चार तुकडे करून व्हिडिओत कुठेतरी पेरलेला, म्हणजे गडी पूर्ण व्हिडिओ बघेल. एवढं करून ॲपचं पैशाचं व्हर्जन हवं म्हणून कुठल्याशा ग्रुपवरचं 'मॉड' बिनदिक्कत फोनमध्ये घालायचं. त्याच फोनमध्ये यूपीआय, त्याच फोनमध्ये बापाचं बँक खातं. या खटाटोपाच्या निम्म्या वेळात म्हातारीच्या धाकट्या बहिणीसमोर फोन धरून 'आजी कशी होती?' एवढं विचारून झालं असतं.

मग मराठी अक्षरांचे हाल. इंग्रजीचे दोन शब्द बसतील एवढा साच्यातला खण. त्यात 'गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा' कोंबल्यावर वरच्या वेलांट्या छाटल्या जातात, खालचे उकार गडप होतात. झोकदार अक्षर हवं म्हणून युनिकोड नसलेला जुना कॅलिग्राफी फॉन्ट घ्यायचा, त्यासाठी कन्व्हर्टर लावायचा आणि कन्व्हर्टरनं जोडाक्षराची काशी केली तरी तसंच पुढे ढकलायचं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हे साचा बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याचा ताल आधीच संपतो. 'आमच्याकडे उत्तम प्रतीचे' एवढं दिसतं आणि लगेच पत्ता.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. या सगळ्या साखळीत कलावंत कुणी असेल तर तो साचा बनवणारा पोरगा. पिक्सेललॅबच्या पीएलपी फायली, बीटच्या खुणा, हादऱ्याचा वेग, विजेचा लखलखाट, हे तो रात्र-रात्र जागून जुळवतो, पाच इंची स्क्रीनवर, अंगठ्यानं. त्याचं नाव पहिल्याच वापरात पुसलं जातं. त्याच्या पासवर्डच्या लपंडावाला मी हसतो खरा, पण त्याच्या हातात दुसरं आहे काय? त्याच्या कामाचं मोल द्यायची कुणाची तयारी नाही, म्हणून तो तुमची चार मिनिटं घेतो. शिकायचं असेल तर त्याची फाईल उघडून बघा. तुकडा कुठे कापलाय, कीफ्रेम कुठे टाकलीय, गाण्याच्या कोणत्या ठोक्याला चित्र बदलतंय. मी एडियसचं काम असंच, दुसऱ्यांची प्रोजेक्टं उसवून शिकलो. बैलगाडा शर्यतीत पहिला आलेल्या आपल्या खोंडाला तयार साच्यात घालून मिरवणाऱ्या पोरावरही माझा राग नाही. त्याची हौस आहे, पैसे त्याचे, बैल त्याचा.

राग आहे तो पगार घेऊन, बिल लावून किंवा मतं मागून हेच करणाऱ्यांवर.

पहिले आमचे भाऊ. पांढरी गाडी, दार उघडतं, आधी बूट दिसतो, मग गॉगल, मग वीज कडाडते. हीच वीज शिवजयंतीला कडाडते, हीच जिमच्या उद्‌घाटनाला आणि हीच भाऊंच्या वाढदिवसाला. मागे कुठल्याशा दाक्षिणात्य सिनेमाचा हिंदीत डब झालेला संवाद. भाऊ स्वतः अवाक्षर बोलत नाहीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुकीला २०२६ चा जानेवारी उजाडला. राज्यातल्या इतर महापालिकांतही अशीच रखडपट्टी. एवढी वर्षं कित्येकांनी 'भावी नगरसेवक' हे पद पूर्णवेळ सांभाळलं. या काळात त्यांचे चालतानाचे, वळतानाचे, हात जोडतानाचे शेकडो रील आले. प्रभागातल्या पाण्याच्या वेळेबद्दल त्यांचं मत काय, हे एकाही रीलमधून मला कळलेलं नाही. साच्यात त्यासाठी खण नव्हता, आणि तो नाही याचं भाऊंना केवढं हायसं वाटत असेल!

दुसरे 'आम्ही सोशल मीडिया हँडल करतो' म्हणणारे. महिन्याचं पॅकेज, त्यात इतके रील, इतक्या पोस्ट, सणांचे शुभेच्छा व्हिडिओ फुकट. दंतवैद्य, सराफ, क्लासवाले, बिल्डर, सगळ्यांना एकच तराजू. माझ्या ओळखीतल्या एका दंतवैद्याच्या रूट कॅनालला आणि एका सराफाच्या ठुशीला एकाच आठवड्यात एकच गाणं आणि एकच झोत लावलेला मी पाहिला. दाताच्या जागी ठुशी, बाकी कॉमा इकडचा तिकडे नाही. वर यांना व्यवसायाचा साधा नियमही माहीत नसतो. दुकानाचं बिझनेस खातं असेल तर चालू सिनेमाची गाणी बहुधा मिळतच नाहीत, आणि रीलला जाहिरात म्हणून पैसे लावायला गेलं की साच्यातलं तेच गाणं आडवं येतं. कधी सरळ आवाज उडवला जातो आणि रील मुकं फिरतं. 'लग्नात तर गाणी चालतात की' असं एका महाभागानं मला ऐकवलं. चालतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नसमारंभात गाणं वाजवायला सूट आहे. ती मांडवापुरती. तुमच्या ठुशीच्या जाहिरातीचं आमंत्रण त्या कलमात नाही.

सराफाचा कारागीर मागच्या खोलीत बसून ठुशीचे मणी एकेक करून गाठवतो. फोन उभा करायचा, आवाज चालू ठेवायचा आणि त्याला विचारायचं, 'दादा, हे काय करताय?' तो जे सांगेल ते जगातल्या कुठल्याही साच्यात मिळणार नाही. हे करायला दुकानात जावं लागतं. हँडल करणारा दुकानात येत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो. काही वेळा तेही मागवत नाही, गेल्या दिवाळीचेच वापरतो.

तिसरे शाळा-कॉलेजांचे आणि सरकारी खात्यांचे रीलवाले. रस्ता सुरक्षेचा संदेशसुद्धा प्री-वेडिंगच्या चालीवर. हेल्मेट हवेत संथपणे तरंगतं, मागे प्रेमगीत. यांच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही, कारण हे पाहतं कोण तर ज्यानं मंजूर केलं तो साहेब, आणि तोही पहिल्या तीन सेकंदांत आपला फोटो आला का एवढंच.

श्रद्धांजलीची कामं माझ्याकडेही येतात. मी घरच्यांकडे आवाज मागतो. म्हातारीनं नातीला पाठवलेला एखादा व्हॉइस मेसेज, कुणाच्या बारशाच्या व्हिडिओत मागून ऐकू आलेली तिची हाक. बहुतेक घरांत काहीतरी निघतं. मग फोटो एकच असला तरी तो पूर्ण वेळ ठेवतो, पदरासकट. काही गिऱ्हाइकं म्हणतात, 'जरा साधंच वाटतंय, पाकळ्या नाहीत का?' त्यांना मी शेजारच्या दुकानाचा पत्ता देतो. तिथे पाकळ्या आहेत, काम स्वस्त आहे आणि दहा मिनिटांत होतं. पोरगा प्रामाणिक आहे, 'तयार साचा आहे, फोटो बदलून देतो' असं तोंडावर सांगतो आणि तेवढेच पैसे घेतो.

पॅकेजवाल्यांनी एवढं जरी केलं तरी माझं भांडण मिटलं. पुढच्या महिन्याच्या बिलावर 'कंटेंट क्रिएशन अँड ब्रँड स्टोरी' काढून तिथे 'फोटो बदलला, बारा नग' असं स्वच्छ मराठीत लिहा, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी खुशाल लावा.