६१७४ला जादू म्हणणे थांबवा

डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिक्षकी केलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना ६१७४ या संख्येचा एक गुण सापडला. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग दुसरे काही येतच नाही. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ असा पुरा सात पायऱ्यांचा प्रवास होतो. आपल्याकडे हे ‘जादू’ म्हणून दाखवतात, मुले थक्क होतात आणि विषय संपतो. हे मला फार मोठे नुकसान वाटते, कारण सिद्धता म्हणजे काय हे शाळकरी मुलांना दाखवायला इतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळते.

अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढे येते. म्हणजे मूळ संख्या कोणती होती याला महत्त्वच उरत नाही. फक्त दोन फरक पुरतात. पहिला फरक १ ते ९ असतो, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या ५४च होतात. जवळजवळ दहा हजार संख्यांचा पसारा एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतो, आणि तेवढी उत्तरे वर्गातली मुले आपसांत वाटून घेऊन फळ्यावर तपासू शकतात. (१११२पासून निघाल्यास उत्तर ०९९९ येते, तिथले शून्य टाकायचे नाही.) ६१७४च्या उतरत्या मांडणीत, म्हणजे ७६४१मध्ये, हे फरक ६ आणि २ आहेत, ५९९४ अधिक १८० म्हणजे पुन्हा ६१७४. संख्या स्वतःलाच का जन्म देते, ते इथे उघड होते.

अशा गमतींना गणितात मोल नाही, हा आक्षेप जुना आहे. गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४०च्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे अंकगुण कोड्यांच्या सदरापुरते मानले होते. ६१७४चा गुणही दशमान पद्धतीवर अवलंबून आहे, हे खरेच. पण पाया पाच घेतला तर ३०३२ ही मांडणी तशीच स्वतःला जन्म देते. दशमानात पाच अंक घेतले तर ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे फिरत राहतात, एकच मुक्काम मिळत नाही. कुठे मुक्काम मिळतो, कुठे फेरा पडतो आणि का, हा प्रश्न कोड्यांच्या सदरात मावणारा नाही. संगणक सगळ्या संख्या क्षणात तपासतो, असेही कोणी म्हणेल. तपासतो, पण ५४ जोड्या का पुरतात, ते त्या यादीतून कळत नाही. आणि वेळेचे म्हणाल, तर बीजगणितात अंकांच्या जागी अक्षरे लिहायला शिकवतात त्याच आठवड्यातला एक तास याला पुरेल.