तलावाची पाळ आणि नगराची नाली

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची सूची आहे. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ती घटनेत आली. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, स्मशानभूमी यांच्या पंक्तीत तिथे नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण हाही विषय बसला आहे. म्हणजे पर्यावरण हे नगरपालिकेने सठीसहामाशी, पाच जूनला चार रोपे लावून उरकण्याचे कृत्य नव्हे. ते दिवाबत्तीइतकेच रोजचे काम आहे. आपल्या लहान शहरांत मात्र ते रोजचे काम म्हणून कुणाच्याच अंगावर पडलेले दिसत नाही. गोंदिया शहराकडे पाहिले की हे विशेष खुपते, कारण हे शहर ज्या भूमीवर वसले आहे, त्या भूमीला हे काम उत्तम अवगत होते.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी मोठी संख्या गोंदिया व भंडारा या, १ मे १९९९ पर्यंत एकच असलेल्या जिल्ह्यांत आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहून मातीच्या पाळी बांधल्या आणि पाणी अडवले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी काढून देणारा सलंग, खालच्या बांध्यांपर्यंत जाणारी नहर, आणि वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या बोडीत, अशी ही साखळी होती. अभियंत्याची पदवी कुणाजवळ नव्हती. पण पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचे, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकायला कुणाला यावे लागते, हे सांगण्यासाठी परिपत्रक निघत नसे.

मालगुजारी १९५१ साली गेली. ती जाणे योग्यच होते. त्या पद्धतीतील पिळवणुकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु मालगुजार गेला तेव्हा तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची काळजी घेणारी गावची व्यवस्था वाऱ्यावर सुटली. मालकी दूरच्या कार्यालयाची आणि पाणी जवळच्या माणसाचे, अशी फारकत झाली. पाळीवर झाडे माजली, पात्रात बेशरम पसरली आणि पोटातील गाळाची जमीन दिसू लागताच तिच्यावर दावे सांगणारे उभे राहिले. गावात झाले तेच शहरात अधिक वेगाने झाले, कारण शहरात तलावाच्या जागेला भाव असतो.

आता शहराचा हिशेब पाहू. २०११च्या जनगणनेनुसार गोंदियाची लोकसंख्या १ लाख ३२ हजार होती. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक माणशी दररोज १३५ लिटरचे आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरले जाते. या प्रमाणाने एवढ्या वस्तीचे सांडपाणी दिवसाला सव्वा कोटी लिटरच्या वर जाते. ते कुठे जाते? उघड्या नालीतून नाल्यात, आणि नाल्यातून अखेरीस शहराच्या कडेने वाहणाऱ्या पांगोलीच्या पात्राकडे. दुसऱ्या टोकाला पिण्याचे पाणी येते ते वैनगंगेवरील डांगोरलीहून. पाऊस उणा झालेल्या वर्षी उन्हाळ्यात तिथले पात्र आटते आणि पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्याने आणून नदीत सोडावे लागते. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्याच्या मुख्य शहराने तहानेसाठी दूरच्या धरणाकडे तोंड करावे आणि स्वतःची नदी गटारासारखी वापरावी, याला निसर्गाची अवकृपा कसे म्हणणार?

भातगिरण्यांचा प्रश्न येथे ओघाने येतोच. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा कोंडा असतो. तो बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची हलकी राख वाऱ्यावर घरोघर पोहोचते. उसना तांदूळ करताना निघणारे आंबूस पाणी वेगळेच. यावर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची, हे खरे. पण ते पाणी ज्या नालीत उतरते ती नाली नगरपालिकेची आहे, आणि आपल्या नालीत कोण काय सोडतो हे तिला ठाऊक नसावे, हे पटत नाही.

निधी नाही, हे ठरलेले उत्तर आता पुरेसे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानाचा साठ टक्के भाग स्वच्छता, घनकचरा, पेयजल, पर्जन्यजलसंचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांनाच बांधून दिला होता. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२०पासून पंचमहाभूतांच्या नावाने गुण मोजते. कल्पना आपल्या परंपरेला साजेशी आहे. धोका इतकाच की गुणांसाठी भिंती रंगतात आणि भिंतीमागचा कचरा तसाच राहतो. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. घराघरांत दोन डबे आलेही. पण घंटागाडीत ते एकत्र ओतले जाताना एकदा पाहिले, की गृहिणीने दुसऱ्या दिवशी डबे वेगळे का ठेवावेत?

वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेने हे करून दाखवले. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या कचराभूमीचे रूपांतर लोक पाहायला येतील अशा प्रकल्पात झाले. वेंगुर्ल्याची वस्ती बारा हजारांची, गोंदिया त्याच्या दसपटीहून मोठे, त्यामुळे तो नमुना जसाचा तसा उचलता येणार नाही. मात्र एक गोष्ट उचलता येईल: मिसळलेला कचरा न स्वीकारण्याचा हट्ट. त्याला यंत्र लागत नाही. आणखी एक सावधगिरी हवी. असा हट्ट एका अधिकाऱ्यावर उभा असला, तर त्याच्या बदलीबरोबर तोही जाण्याचा धोका राहतो.

म्हणून लोकप्रतिनिधी आणि नागरिक यांचा विषय टाळता येत नाही. गोंदिया नगर परिषदेची निवडणूक जानेवारी २०१७मध्ये झाली होती आणि त्यानंतरची थेट डिसेंबर २०२५मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. त्या काळात नाली तुंबली तर जाब कुणाला विचारायचा, हे नागरिकाला कळत नव्हते. आता नगरसेवक आहेत, स्वच्छता आणि पाणीपुरवठ्याच्या विषय समित्या आहेत. परंतु घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. गोंदिया, तिरोडा यांसारख्या शहरांना ते बंधन नाही. जिथे माणूस माणसाला ओळखतो तिथेच समिती नाही, हा विचित्र प्रकार आहे. कायद्याची वाट न पाहता ती उभी करण्यास कुणाची हरकत असेल?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात याचे उदाहरण घडले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मच्छीमारांना सोबत घेतले. यंत्राने खड्डा करून गाळ उपसण्यावर न थांबता बेशरम काढली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यात स्त्रियाही चिखलात उतरल्या. देशी मासे आणि पाणपक्षी परतले. तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, हे ढिवरांना ठाऊकच होते. त्यांना विचारले गेले, एवढेच नवे.

नव्या परिषदेने मोठ्या घोषणा करू नयेत. शहराच्या हद्दीतील प्रत्येक तलाव व बोडीची मूळ हद्द भूमापन नकाशावरून निश्चित करून तिथे फलक लावावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या जगपाल सिंग प्रकरणात गावतलावावरील अतिक्रमण हटवण्याचा आग्रह धरला आहे, त्यामुळे हात कायद्याने बांधलेले नाहीत. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. तिचे आकडे प्रभागनिहाय प्रसिद्ध करावेत. आणि मे महिन्यात नालेसफाई होईल तेव्हा प्रत्येक प्रभागातील दहा माणसांनी नाली कुठे सुरू होते आणि कुठे पडते, हे एकदा पायी चालून पाहावे. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला की काठावरच राहिला, याची नोंद ठेवावी आणि देयक मंजूर होण्यापूर्वी ती सभागृहात वाचून दाखवण्यास आपल्या नगरसेवकाला सांगावे. काठावरचा गाळ मृगाच्या पहिल्या सरीने पुन्हा नालीत जातो.