बॉनेटवरचा स्कूप : नाद म्हणून सोडू नका, धडा म्हणून घ्या



आठवी-नववीतल्या मुलांच्या वह्यांची शेवटची पानं कधी नीट पाहिलीत का? तिथे गाड्या असतात. रुंद टायर, खाली बसलेली बॉडी आणि बॉनेटवर हवा ओढणारा मोठा स्कूप. आपण काय करतो? "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा मारतो आणि वही परत देतो. माझं मत जरा वेगळं आहे. हे चित्र काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला थांबवू नका, उलट सांगा, "छान आहे. आता हा स्कूप खरोखर काम करेल असा करून दाखव." बघा, त्या एका अटीत विज्ञान, गणित, चित्रकला आणि कार्यानुभव सगळंच येतं.

आधी आपण समजून घेऊ. बॉनेटवरचा स्कूप दोन प्रकारचा असतो. एक ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारा, दुहेरी टेपने चिकटवायचा प्लॅस्टिकचा. त्याच्याखाली पत्रा तसाच अखंड असतो, म्हणजे नाक आहे पण श्वास नाही. दुसरा खरा. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलर थंड करतो, आणि त्याच्यावर वारा पडावा म्हणून बॉनेटवर स्कूप. 2009 साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा स्कूपही याच कामाचा होता. ती गाडी तर मुलांनी रस्त्यावर पाहिलेली असते! म्हणजे उदाहरण शोधायला लांब जायला नको.

आता गणित. मुलांचा ठाम समज असतो की स्कूपमुळे हवा जोरात आत घुसते आणि गाडी भन्नाट पळते. हा समज नुसता खोडून काढू नका, त्यांनाच तपासू द्या. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या पाठात ½mv² आहेच. वस्तुमानाच्या जागी हवेची घनता घ्या, म्हणजे एका घनमीटरमागे साधारण 1.2 किलो. गाडीचा वेग ताशी 100 किमी, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. उत्तर येतं सुमारे 470 पास्कल. वातावरणाचा दाब किती? सुमारे 1,01,300 पास्कल. म्हणजे वाढ अर्धा टक्कासुद्धा नाही. वेग निम्मा केला तर ती चौपट कमी होते, कारण वेगाचा वर्ग. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तर काहीच उरत नाही.

मग स्कूप निरुपयोगी का? थांबा, दुसरं गणित करू द्या. समजा बाहेरची हवा 35 अंश आहे आणि बॉनेटखालची 65 अंश. दोन्हीत 273 मिळवा : 308 आणि 338. दाब तोच असेल तर घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. 308 भागिले 338 म्हणजे 0.91. गरम हवा सुमारे 9 टक्के विरळ, म्हणजे तेवढाच प्राणवायू कमी. तर स्कूपचा खरा फायदा थंड हवा आत येण्यात आहे, वाऱ्याच्या धक्क्यात नाही. कुठे अर्धा टक्का आणि कुठे नऊ टक्के! हा फरक स्वतः काढलेलं मूल तो सहसा विसरत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा. स्कूप ठेवायचा कुठे? मुलं बॉनेटच्या मध्यावर काढतात, कारण दिसायला छान. पण बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वर चढताना हवा वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. पुढे काचेच्या पायथ्याशी ती अडते आणि दाब पुन्हा वाढतो. म्हणून 1970 च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीत बॉनेटच्या मागच्या बाजूला, काचेकडे तोंड करून एक झडप दिली होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती उघडायची. उलट्या तोंडाचा स्कूप पाहून मुलं आधी हसतील, मग विचार करतील.

हे सगळं वर्गात करता येतं. पुठ्ठ्याचं बॉनेट आणि काच बनवा, त्यावर लोकरीचे बोटभर धागे चिकटवा, समोर टेबल फॅन लावा आणि मोबाइलवर शूटिंग करा. धागे सपाट पडले तर हवा सरळ वाहते आहे. फडफडले, उलटे फिरले तर तिथे भोवरा आहे, तिथे स्कूप नको. टेबल फॅनची हवा स्वतःच गोल फिरत येते, म्हणून त्याच्यापुढे स्ट्रॉ एकमेकांना चिकटवून जाळी उभी करायची. खर्च जवळजवळ शून्य.

आणि मग रोजच्या आयुष्याचे प्रश्न विचारा. पावसात पाणी आत गेलं तर? ते बाहेर काढायला वाट ठेवलीस का? धुळीचं काय, फिल्टर कुठे? उंच स्कूपमुळे ड्रायव्हरला समोरचं लहान मूल दिसेल का? बॉनेटखालच्या आधाराच्या पट्ट्या कापल्या तर पत्रा लवणार नाही का? आणि सगळ्यात महत्त्वाचं : आजच्या बहुतेक गाड्या ग्रिलच्या मागूनच बाहेरची हवा घेतात, मग तुझ्या स्कूपने जास्तीचं काय मिळणार?

कधीकधी प्रामाणिक उत्तर "या गाडीला स्कूप नकोच" असं येईल. मी म्हणेन, त्या मुलाला पूर्ण गुण द्या. आवडत्या कल्पनेला स्वतःच्याच हिशोबाने "नको" म्हणणं मोठ्या माणसांनाही जमत नाही.

पालकांची काळजी मला कळते. "सर, याने गाड्यांचा नाद लागेल, वेगाचं वेड लागेल." अहो, नाद तर आधीच लागलेला आहे, रील्स बघून. त्या नादाला प्रश्न विचारायची सवय लावली तर झगमगाट आपोआप उतरतो. स्कूप चिकटवून गाडी पळत नाही, हे ज्याने वहीत मांडलं तो दुकानात पैसे घालवायला जाणार नाही. हा प्रकल्प कागद-पुठ्ठ्यावरच राहावा, घरच्या गाडीचा पत्रा कोणी कापायचा नाही, हे स्पष्ट सांगा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. तेही मुलांना वाचू द्या, नागरिकशास्त्र झालं.

आणखी एक बोलतो. असं चित्र काढणारं मूल पुढे आयटीआयला जायचं म्हणालं की घरात शोककळा पसरते. शीटमेटल, ड्राफ्ट्समन, मोटार मेकॅनिक हे ट्रेड म्हणजे नापासांची जागा, असं आपणच ठरवून टाकलंय. पण पत्र्याला आकार देणाऱ्या हाताला दाब, उष्णता आणि माप कळलेलं असावं लागतं. ते कळण्याची सुरुवात वहीच्या शेवटच्या पानावर झालेली असते.

शिक्षकांना एकच विनंती. या सत्रात एक तास काढा. मुलांना बॉनेट काढायला लावा आणि प्रत्येक छिद्राशेजारी एक वाक्य लिहायला सांगा : हे इथेच का? गुण चित्राला देऊ नका, त्या वाक्याला द्या.