पाहुण्यांना नदी शिकवायची कोणी?

पावसाळा तोंडावर आला, की जिल्ह्याजिल्ह्यांतून जमावबंदीचे आदेश निघू लागतात. अमुक धबधब्यापासून इतक्या अंतरावर कोणी फिरकू नये, तमुक धरणाच्या परिसरात मद्य नेऊ नये, पाण्यात उतरू नये. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कलम बदलले, मजकूर तोच राहिला. वसईकरांना चिंचोटीच्या धबधब्यामुळे हा मजकूर चांगलाच परिचयाचा आहे.

आदेश काढणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जीव लोंढ्याबरोबर वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चारजण दगावले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. जेथे माणसे अशी मरतात तेथे अधिकाऱ्याने हात बांधून बसावे, असे कोण म्हणेल?

परंतु बंदी म्हणजे शिकवण नव्हे, आणि आमचे भांडण नेमके तेथे आहे. बंदी ऐकतो तो मुळातच सावध असलेला माणूस. बेफिकीर माणूस बंदीचा फलक ओलांडून जातो, किंवा जेथे पोलीस नाही अशा पलीकडच्या ओढ्यावर जातो. शिवाय या आदेशांना फक्त पाहुण्याच्या जिवाची काळजी असते. नदीच्या जिवाविषयी त्यांत अवाक्षर नसते. सप्टेंबर संपला, आदेशाची मुदत सरली, की ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत नदी आणि पाहुणा यांच्यामध्ये कोणीच उभे नसते. नदीचा नाश होतो तो या आठ महिन्यांत, शांतपणे, कोणाचेही प्रेत न सापडता. म्हणून त्याची बातमी होत नाही.

उदाहरणादाखल कुंडलिकेकडे पाहू. मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाडचे नाव आज महाविद्यालयीन तरुणांच्या ओठांवर आहे ते तेथील राफ्टिंगमुळे. रबरी तराफ्यात बसायचे, हाती वल्हे घ्यायचे आणि खळाळत्या पाण्यावरून आदळत-आपटत खाली यायचे. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळेही तेथे जातात, आणि त्यांनी अवश्य जावे. देवाने निर्मिलेल्या पाण्यात मनसोक्त भिजण्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. मात्र ज्या पाण्यावर आपण उड्या मारतो ते आले कोठून, जाते कोठे, एवढे तरी पाहुण्याला ठाऊक असावे की नाही?

ते पाणी बहुतांशी कुंडलिकेचे नाहीच! ते मुळेचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचे धरण आहे. तेथील पाणी निसर्गक्रमाने भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. टाटांनी ते अडवले, पश्चिमेकडे वळवले आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहावर आणून सोडले. १९२७ पासून मुंबईचे दिवे त्या पाण्यावर लागले. त्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे गेली, घरे गेली, देवळे गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच पाण्यासाठी. शेतकरी हरले. ज्यांनी आपली जमीन गमावली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या वाट्याचे पाणी आज आपल्या तराफ्याखालून धावते आहे. तराफ्यात बसताना ही गोष्ट कोणी कोणाला सांगत असेल, तर आम्हांस आनंदच वाटेल.

वीजगृहातून पाणी सुटते तेव्हा नदी भरते, ते थांबले की उतरते. म्हणून राफ्टिंग सकाळी असते. संध्याकाळी नदीकाठी तंबू ठोकून बसणाऱ्या मंडळींपुढे उघडे पडलेले खडक असतात. त्यांवर बसून जेवण होते, बाटल्या फुटतात, पत्रावळी आणि वेफर्सची पाकिटे तेथेच राहतात. सकाळी पाणी चढते आणि खडक स्वच्छ होतात. पाहुणा डोळे चोळत बाहेर येतो, तो काठ लख्ख! कचरा गेला, असे त्याला वाटते. तो गेलेला नसतो, पुढे गेलेला असतो. मराठीत या दोहोंमध्ये एका शब्दाचे अंतर आहे, आणि नदीच्या शिक्षणाचा पहिला धडा तोच आहे.

आता पुढे म्हणजे कोठे? काही पाणी कालव्यांतून भातशेतीकडे वळते. उरलेले रोह्यावरून खाडीत उतरते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. कोर्लई हे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांचे कान टवकारतील. पोर्तुगीज चौलहून १७४० साली गेले. तरीही किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली आपली बोली अद्याप जपली आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. त्याच गावात कोळी बांधवांचीही मोठी वस्ती आहे. कोलाडला खडकावर सोडलेली पिशवी कोर्लईच्या जाळ्यात येते. वसईचा ख्रिस्ती तरुण कोलाडला मजा करून परततो आणि त्याची घाण कोर्लईच्या दारी पोहोचते. आपल्याच माणसांच्या दारी, असे आम्ही मुद्दाम म्हणत नाही. कोळी आणि आगरी परके थोडेच आहेत? पण ज्याला दूरच्यांची लाज वाटत नाही, त्याला निदान आप्तांची वाटावी.

येथे एक आक्षेप हमखास येतो. तो पुष्कळदा सुशिक्षितांकडून येतो, आणि तो पोकळ नाही. फादर, रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांतील ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यांत कुंडलिकाही आहे. तो काय सहलीच्या पत्रावळ्यांनी प्रदूषित झाला? मोठ्यांना सोडून तुम्ही गरीब बिचाऱ्या पर्यटकाला काय धरता?

मान्य. कारखान्याचे सांडपाणी आणि नगराचे मलजल यांपुढे सहलीचा कचरा तोलाने किरकोळ आहे. परंतु या आक्षेपाचा रोख पाहा. तो कारखान्याकडे बोट दाखवतो ते कारखान्याला जाब विचारण्यासाठी नव्हे, तर स्वतःची पिशवी खडकावर ठेवता यावी म्हणून. कारखान्याविरुद्ध तक्रार-अर्ज लिहिलेला माणूस हा युक्तिवाद करताना आम्हांस अद्याप भेटला नाही. नदीच्या बाजूने बोलणारे लोक तयार व्हायचे कोठून? काठावर राहणारे गावकरी थोडे, त्यांतले कित्येक त्याच कारखान्यांत पोटाला लागलेले. दरवर्षी कोलाडला येणारे हजारो पाहुणे मात्र कोणाचे मिंधे नसतात. नदीचे साक्षीदार होऊ शकतील असे ते लोक आहेत. आणि साक्षीदाराचे हात स्वच्छ असावे लागतात.

दुसरा आक्षेप निराशेचा आहे. आपल्या लोकांना शिकवून उपयोग नाही, ते दंडुक्यालाच ऐकतात. हे आम्ही साफ नाकारतो. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे शिवमंदिर आहे. तेथील डोहातले मासे कोणी धरत नाही. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथेही हीच रीत. दोन्ही ठिकाणी मोठमोठे मासे माणसाच्या पावलाशी येतात. यात्रेकरू बाहेरगावचे असतात, त्यांतले बहुतेक घरी मासे चवीने खाणारे असतात, आणि तरीही येथे गळ टाकायचा नाही हे त्यांना आल्याबरोबर कळते. कसे कळते? काठावरचा फुलवाला सांगतो, शेजारी उभी असलेली म्हातारी सांगते, आधी आलेला पाहुणा नव्या पाहुण्याला सांगतो. श्रद्धा त्यांची असेल, आपली नसेल. पण ही पाठशाळा आहे, आणि ती सरकारी अनुदानाशिवाय पिढ्यान्पिढ्या चालली आहे. (माशांना पाव आणि चुरमुरे टाकण्याची हौस मात्र आता आवरावी. माशाला पावाची सवय लावणे ही काही भूतदया नव्हे.)

परदेशातलेच दाखले ज्यांना पटतात, त्यांच्यासाठीही एक देतो. अमेरिकेत कोलोराडो नदी ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड घळीतून वाहते. १९७२ साली त्या घळीतून तराफ्याने जाणाऱ्यांची संख्या १६,००० च्या वर गेली होती. वाळूचे काठ विष्ठेने आणि चुलीच्या राखेने भरले होते. तेथील उद्यान खात्याने नदी बंद केली नाही. जाणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घातली आणि प्रत्येकाला शिकवले. आज तेथे प्रवासी आपली विष्ठासुद्धा बंद डब्यात भरून, तराफ्यावर लादून, घळीबाहेर आणतात. स्वतः सहल काढणाऱ्यांना पाण्यात उतरण्यापूर्वी उद्यानाच्या रक्षकाकडून सूचना ऐकाव्याच लागतात. त्याशिवाय तराफा सुटत नाही. विष्ठेचा उल्लेख काही वाचकांना रुचणार नाही. नदीलाही ती रुचत नाही.

आता कोलाडला काय घडते ते पाहा. तराफ्यात बसण्यापूर्वी वाटाड्या तरुण दहा-पंधरा मिनिटे सूचना देतो. अंगरख्याचे पट्टे कसे आवळावेत, वल्हे कसे धरावे, पाण्यात पडलात तर पाय पुढे करून पाठीवर कसे तरंगावे. त्या वेळी कोणी हसत नाही, कोणी फोनकडे पाहत नाही. प्रत्येकाला जिवाची धास्ती असते. आम्ही गेली कित्येक वर्षे प्रवचने करीत आलो आहोत. इतके एकाग्र श्रोते आम्हांस क्वचितच लाभले. या दहा मिनिटांतच नदीसाठी दोन मिनिटे का नसावीत? पाणी कोणाचे, ते किती वाजता चढते, खाली कोण राहते, कचरा कोठे द्यायचा, शौचाला कोठे जायचे. राफ्टिंगचा परवाना देताना शासनाने ही अट घालावी. आणि शासन घालीपर्यंत सहल ठरवणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी ती मागावी. गिऱ्हाइकाने मागितलेली गोष्ट व्यावसायिक फार काळ नाकारीत नाही.

शिकवायचे तेही नेमके असावे. ‘नदी आपली माता आहे’ या फलकाने आजवर एकही बाटली वाचवली नाही. त्याऐवजी साबणाविषयी सांगावे. निसर्गात विरघळणारा म्हणून विकला जाणारा साबण विघटित व्हायला मातीतले जीवाणू लागतात. तो थेट पाण्यात धुवायचा नसतो. पाणी बादलीने काढून काठापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावले, दूर नेऊन अंग वा भांडी धुवावीत. शौचासही तेवढेच अंतर राखावे, वीतभर खड्डा करावा, वर माती लोटावी. मोटारगाडी पात्रात उतरवून धुणाऱ्याला तर शिकवण्यापेक्षा त्याच्या बायकामुलांसमोर विचारावे, की हे तेल कोण पिणार. पहिल्या पावसात जायचे असेल, तर वलगणीच्या माशांविषयी सांगावे. त्या दिवसांत मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात, शेतांच्या बांधांपर्यंत चढतात. आपण ज्याला नुसते गुडघाभर पाणी समजून तुडवतो, ते त्यांचे बाळंतपणाचे घर असते.

ही शिकवण काठावर पोहोचल्यावर सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. ती बस सुटण्यापूर्वी धर्मग्रामाच्या सभागृहात व्हावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात निर्मितीचा पाठ असतो. मुले तो घोकतात आणि उत्तीर्ण होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पाण्याच्या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली. त्याची पारायणे झाली, चर्चासत्रे झाली. त्याच मुलांची, त्याच चर्चासत्रांच्या संयोजकांची सहल निघते तेव्हा थर्माकोलच्या ताटल्यांचा गठ्ठा बसच्या टपावर असतो. या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ सालापासून बंदी आहे, हे येथे ओघाने सांगावे लागते.

आणि हे कोणत्या वसईत घडते? पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या वसईत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्या हाकेला ओ देऊन आपल्या विहिरींचे पाणी टँकरवाल्यांनी उपसू नये म्हणून आपले आईबाप लढले. आपल्या बावखलांसाठी जो समाज एवढा कळवळतो, त्याने दुसऱ्याच्या नदीवर जाऊन उकिरडा करावा? आपल्या विहिरीवर टँकर आला तेव्हा आपण त्याला बाहेरचा म्हणालो. कोलाडला आपण बाहेरचे आहोत.

आमची सूचना अगदी साधी आहे. बहुतेक धर्मग्रामांच्या सभागृहांत लग्नकार्यासाठी स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले असतात. सहलीला ती न्यावीत. दोन गोणपाट आणि एक झाकणाचा डबा बसमध्ये ठेवावा; उष्टे, कागद, बाटल्या सगळे त्यांत भरून परत आणावे आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच नळावर ताटे धुवावीत. ताटे मोजून देण्या-घेण्याचे काम सहलीच्या खजिनदाराकडे असावे, म्हणजे नदीत एकही राहणार नाही. ताटांचे ओझे होते, असे काही मंडळे म्हणतील. त्यांनी आपली सहल सभागृहाच्या अंगणातच उरकावी. तेथे पंखेही आहेत.